आन् मी चार

दारातून आत जायचं असो की बाहेर पडायचं, मामा आधी बाजूला सरायचे. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हाताचं बोट हवेत, आणि ओठ हलताहेत. आम्ही एकेक करून पुढं गेलो की ते बोट प्रत्येकाच्या पाठीमागं खाली यायचं. "एक. दोन. तीन." शेवटी बोट स्वतःच्या छातीवर. "आन् मी चार. चला." लिफ्टपाशी हेच, जीपपाशी हेच, चहाच्या टपरीवरून उठतानाही हेच. अहो, सगळे मिळून आम्ही चौघं! चौघांत हरवणार कोण? पण मोजल्याशिवाय मामांचा पाय उचलायचा नाही.

तुमच्याही ऑफिसात असे एक मामा असतीलच. आपल्याकडं ऑफिसातल्या शिपायाला मामा म्हणायची पद्धतच आहे. आमचे मामा मात्र चहा आणण्यापुरते नव्हते. उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर आर्किटेक्टचं ऑफिस, वर सर, आणि हाताखाली नकाशे काढणारे आम्ही तिघं: मी, नदीम आणि प्रसाद. तेव्हाचं औरंगाबाद चहूबाजूंनी सुटलं होतं. पडेगाव म्हणू नका, पैठण रोड म्हणू नका, जिकडं बघावं तिकडं प्लॉटिंग. जमीन मोजायला गेलो की उन्हात उंच पट्टी धरून उभं राहायचं काम मामांचं. पन्नाशीचा माणूस, पण तासन्तास हलायचे नाहीत.

घराणं मेंढपाळांचं. खुलताबादच्या पलीकडं डोंगरात गाव. थोरला भाऊ अजून मेंढरं राखत होता आणि मामा बारा वर्षांपूर्वी काठी ठेवून शहरात आले होते. एकदा पडेगावच्या लेआउटवर मी नकाशात बघत ओरडले, "मामा, चौदा नंबरच्या प्लॉटवर उभे राहा!" तर हे शांतपणे म्हणाले, "चौदा नंबर व्हय? हितं आमची बोरी व्याली हुती. दोन पिल्लं." बोरी म्हणजे त्यांची मेंढी. त्या प्लॉटवर पुढं एका डॉक्टरांचा बंगला झाला. बोरीचं मी डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा खेळाचा आहे, आणि खेळ कॉम्प्युटरवरचा. तुमच्यातले काही आत्ताच नाक मुरडतील, खुशाल मुरडा. शनिवारी आमचं ऑफिस दोन वाजता सुटायचं, सर साइटवरून परस्पर घरी जायचे, आणि इमारतींची चित्रं करायला घेतलेले चार दणकट कॉम्प्युटर रिकामे पडायचे. नदीमनं कुठून तरी एक खेळ आणला. चौघांनी मिळून खेळायचा. प्रत्येकाचं एकेक पात्र, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि जितकं खेळाल तितकं ते पात्र तयार होत जातं. मी तलवारवाली, नदीम जादूगार, प्रसाद तिरंदाज. चौथा वैद्य, म्हणजे जखमी झालेल्यांना औषध देणारा. सामान वाहायला एक खेचर. चौघांनी जंगलं, नद्या, किल्ले ओलांडत शेवटच्या दरवाज्यापर्यंत जायचं.

ऐकायला छान वाटतं ना? एकमेकांना सांभाळत जाणं वगैरे? डोंबलाचं सांभाळणं! नदीमला पेटारा दिसला की लढाई गेली खड्ड्यात, हा आधी पेटारा उघडणार. प्रसादचं लग्न ठरलेलं, ऐन हल्ल्यात त्याचा फोन वाजायचा आणि त्याचा तिरंदाज भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. आणि मी? मी सगळ्यात वाईट. दम म्हणून नाही. समोर शत्रू दिसला की मी सुटलेच, मागं कोण आहे कोण नाही याचा पत्ता नाही. मरून पडले की मग ह्या दोघांच्या नावानं शिमगा. दुसऱ्या किल्ल्यात आम्ही दोन महिने मार खात होतो. त्यात आमचा वैद्य, नदीमचा एक मित्र, नोकरी लागून पुण्याला गेला. चौथ्याशिवाय तो खेळ सुरूच होत नाही.

मामा दर शनिवारी डबा खाल्ल्यावर आमच्या मागं उभं राहून बघायचे. नदीम म्हणाला, "मामू, तुम बैठो ना. वैद्य का कुछ नहीं, बटन दबाने का."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"हमको भी कहाँ कळतंय?"

मामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसले. माउस असा धरला, जणू त्यात जीव आहे आणि तो दबला तर मरेल. पहिल्याच जंगलात पडद्यावर लांडगा आला. मामा ताडकन उभे राहिले आणि "हाऽऽड! हाड हाड!" अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात येऊन विचारू लागले, काय झालं? काही नाही डॉक्टर, लांडगा आला होता. दुसरं काय सांगणार!

पुढच्या शनिवारी तर कहर. दोन राक्षस मला बडवताहेत, माझ्यात जीव उरलाय चिमूटभर, आणि मी किंचाळतेय, "मामा, औषध! मामा, औषध!" औषधाची एकच मात्रा उरलेली. मामांनी ती दिली, अगदी नेम धरून दिली. पण मला नाही. लांब टेकडीवर चरणाऱ्या एका शेळीला. ती शेळी खेळातली नुसती शोभेची, झाडाझुडपांसारखी. मी मेले.

"मामा! मी मरत होते!"

"लंगडत हुती ती," मामा म्हणाले. "तुमी नंतर उठता परत. मी बघितलंय."

नदीम हसून हसून खुर्चीवरून घसरला. मी मात्र खरंच चिडले. हा प्रकार तुम्हाला जमायचा नाही, दुसरा कुणी बघू, असं तोंडावर म्हणाले. मामांना ते लागलं असणार. तोंडावर दिसलं मात्र नाही. त्यांनी टोपी घातली, मोजलं, "आन् मी चार" म्हणाले आणि ऑफिसला कुलूप लावलं.

पुढच्या शनिवारी बसायच्या आधी त्यांनी माझ्या टेबलावरचे चार खोडरबर उचलले आणि मांडले. एक पुढं, दोन दोन्ही अंगांना, एक मागं. "ताई, राग नका मानू. तुमी नुसत्या पळता. कळप असा चालत नाय. म्होरं एकानंच जायाचं, ते तुमी. पर मागच्याचा आवाज आल्याबिगर पाऊल नाय टाकायचं. ह्ये दोघं कडंनं. मागं मी आन् जनावर." मी म्हटलं, मामा, आपण मेंढरं आहोत का? तर म्हणाले, "समदीच असत्यात हो. मेंढरं निदान ऐकत्यात."

आणि काय सांगू, दोन महिने न हललेला किल्ला त्या दुपारी आम्ही ओलांडला! मी पुढं, पण मागून "आली का समदी? हां, चला" ऐकू आल्याशिवाय हलायचं नाही. नदीमला पेटारा दिसला की मामा खेकसायचे, "बाबा, कडा सोडू नको." प्रसादचा फोन वाजला की सगळ्यांना थांबवायचे, "त्याचं होऊ द्या, लगीन ठरलंय त्याचं." मला सुरुवातीला त्या थांबण्याचा असा कंटाळा यायचा की मी टेबलाखाली पाय आपटायची. पण एकदा पुलावर मी पडले, सगळीकडून घेरलेली. आता संपलं म्हणून हात सोडला, तर मागून मामांचा वैद्य ठुमकत ठुमकत आला, मला उठवलं आणि माझ्या मागंच उभा राहिला. कॉम्प्युटरवरची बाहुली हो! तरी मी खुर्चीतून वळून मामांकडं बघितलं. आपल्या पाठीशी कोणी आहे, ही भावना खोट्या जंगलातही खरी असते, आणि तिच्यासारखं सुख नाही.

सगळ्यात जास्त वेळ मोडायचा तो खेचरापायी. त्या खेळात खेचराला पाणी पाजता येतं. नाही पाजलं तरी मरत नाही, जरा हळू चालतं, म्हणून जगात कोणी पाजत नसेल. मामा प्रत्येक ओढ्यावर पाजायचे. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्यात बिऱ्हाड घोड्यावर असतंय. भांडी, अंथरूण, बारकी पिल्लं, समदं. ते बसलं म्हंजी समदेच बसले."

त्या वर्षी पाणी हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं गप्प व्हायची. लागोपाठ तिसरा पावसाळा कोरडा गेला होता. आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं यायचा आणि आला की वाढदिवसासारखी धावपळ. मामांच्या गावाकडं विहिरी दिवाळीलाच तळाला गेल्या होत्या. भावाचा फोन रोज दुपारी यायचा. मामा गॅलरीत जाऊन बोलायचे आणि आत आले की डबा तसाच ठेवायचे.

एकदा मी विचारलंच. भावाकडं साठ मेंढरं उरली होती. चारा नाही, पाणी नाही. दोनच वाटा. एक, सगळा कळप खाटकाला देऊन मोकळं व्हायचं. दुसरी, चालवत पैठणला न्यायचा. जायकवाडीचं पाणी मागं सरतं तशी तळाची जमीन उघडी पडते आणि तिच्यावर हिरवं फुटतं.

"मग नेऊ दे की," मी म्हटलं.

"न्यायला मान्सं लागत्यात. डोंगर उतरून, शहराच्या कडंनं, मोठ्या रोडनं. गाड्या कशा पळत्यात बघता ना तुमी. म्होरं भाऊ, कडंला वैनी आन् पुतण्या." मामा थांबले. "मागं कुणी नाय. मी आलो ना हिकडं. तवापासनं कळप तिघांवरच हाय. दर सालाला दोन-चार कुठं ऱ्हात्यात, कळत बी नाय."

चौथा कोण, हे मला त्याच क्षणी समजलं होतं. खरं सांगते, समजून मी न समजल्यासारखं केलं. आम्ही शेवटच्या दरवाज्याच्या जवळ आलो होतो आणि मला तो उघडायचा होता. माणूस किती क्षुद्र असू शकतो, ते मी त्या आठवड्यात घरबसल्या शिकले. मी म्हटलं, "होईल काहीतरी, मामा."

शेवटच्या दरवाज्यापुढं चार दगड होते. चौघं एकाच वेळी चार दगडांवर उभे राहिले की दार उघडतं आणि सगळे आत गेले की कायमचं बंद होतं. मागं शत्रूंची फौज. आम्ही तिघं धावत जाऊन आपापल्या दगडावर उभे राहिलो. चौथा दगड रिकामा. मामांचा वैद्य उलटा चालला होता, पुलाकडं.

"मामा! इकडं! दगडावर!"

"खेचर पुलाच्या मागंच ऱ्हायलं."

"राहू दे! आत त्याचं काही काम नाही!"

"दार बंद हुईल ना मागनं."

"मामा, ते खोटं आहे हो!" मी खुर्चीतून उठून ओरडले. "खेचर खोटं आहे!"

मामांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. डोळे भरलेले होते. "ठावं हाय, ताई. पर मागं ऱ्हायलंय ना ते."

तोवर फौज आली आणि आम्ही तिघं दगडांवरच मेलो. खेळानं आम्हाला पुन्हा पुलाच्या अलीकडं, नदीकाठी आणून सोडलं. खेचर तिथंच उभं होतं. मामांनी त्याला पाणी पाजलं, माउस सोडला आणि टोपी डोक्यावर घातली. "सोमवारपासनं मी यायचो नाय," ते म्हणाले. "भावाला सांगितलंय, मागं मी हाय म्हून. सर म्हनले, जागा धरून ठेवता यायची नाय. त्यांचं बी बरोबर हाय."

नदीम म्हणाला, "मामू, पहले बोलना था ना." प्रसादचा फोन वाजत होता, त्यानं तो बंद केला. मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं काय, तर "पाण्याची बाटली मोठी घ्या." इतकी शहाणी मी!

निघताना मामा नेहमीसारखे चौकटीला हात लावून उभे राहिले. "एक. दोन. तीन." बोट तसंच हवेत राहिलं. ऑफिस आवरून किल्ली सरांच्या घरी पोचवायची होती म्हणून ते मागं थांबणार होते, असं म्हणाले. "चला" सुद्धा म्हणाले नाहीत. आम्ही जिना उतरलो. रोज चौघांच्या गप्पांनी भरणारा तो जिना त्या दिवशी लांबच लांब वाटला.

आठवड्याभरातच सरांनी नवा मुलगा घेतला, नकाशे काढायला. खेळात आमच्यापेक्षा कितीतरी हुशार. पहिल्याच शनिवारी वैद्याच्या खुर्चीत बसला आणि दरवाज्यापर्यंत सरळ घेऊन गेला. जाऊन चौथ्या दगडावर उभासुद्धा राहिला. आणि आम्ही तिघं? ठरवलं काही नव्हतं, पण तिघंही पुलाकडं मागं फिरलो होतो. मी, नदीम, प्रसाद, तिघंही त्या खेचराभोवती. त्याला हाकलत न्यायचं बटन कुठलं ते एकालाही ठाऊक नव्हतं. ते काम मामांचं. नवा मुलगा ओरडत होता, "ताई, दगडावर या ना! ते खेचर कशाला पाहिजे?" काय सांगणार त्याला! फौज आली, सगळे मेलो. पुढच्या शनिवारी तो मुलगा म्हणाला मला क्लास आहे. दार काही उघडलं नाही, अजूनही उघडलेलं नाही.

उन्हाळा कडक झाला होता. पैठण रोडवर एका साइटला आम्ही तिघं निघालो होतो, जीप प्रसाद चालवत होता. बिडकीनच्या पुढं समोरच्या गाड्या थांबल्या. हॉर्न वाजायला लागले. पुढं रस्ता ओलांडून मेंढरं चालली होती. सगळ्यात पुढं एक म्हातारा, ज्याचा गुडघा वाकत नव्हता. एका कडंनं हिरव्या लुगड्यातली बाई, दुसऱ्या कडंनं तरणा माणूस. मधे सामानानं लादलेलं तट्टू. मला टेबलावरचे चार खोडरबर आठवले आणि मी जीपमधून उडीच मारली.

मागं मामा होते. एक हात रस्त्याकडेच्या खांबावर, दुसऱ्या हाताचं बोट हवेत, ओठ हलताहेत. मला पाहिलं. नुसता पंजा वर केला, थांबा. मागं बसवाला शिव्या देत होता, ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मामांना काही ऐकू येत नव्हतं. शेवटचं मेंढरू पार झालं तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"सगळी आहेत का हो, मामा?" मला धीर निघत नव्हता.

"एकसष्ट," ते म्हणाले. उन्हानं काळे ठिक्कर पडले होते, पण दात दिसत होते सगळे. "निघालो तवा साठ. वाटंत एक व्याली. पडेगावात आडकलो हुतो, जिकडं तिकडं तुमचं कंपाउंड. मग म्हनलं, लेआउटमधनं नऊ मीटरचा रोड आपनच सोडलाय की. त्यातनं आनली. चौदा नंबरापासनं."

मी हसले आणि रडलेही. रस्त्यात, सगळ्या गाड्यांसमोर. लाज वाटली नाही. नदीम आणि प्रसादही उतरून आले. मामांनी नदीमच्या खांद्याला हात लावला आणि हळूच, घरातल्या दुखण्याची चौकशी करावी तसं विचारलं, "आन् ते खेचर?"

"नदीकाठी आहे, मामा," मी म्हणाले. "पुलाच्या अलीकडं. पाण्यापाशी."

"एकटं?"

"नाही. आम्ही तिघं आहोत तिथं. दार नाही उघडलं आम्ही."

"बरं क्येलं," मामा म्हणाले. पुढून भावाची हाक आली, कळप लांब चालला होता. आम्ही जीपकडं वळलो. प्रसाद बसला, नदीम बसला, मी पाय वर घेतला आणि मागं पाहिलं. मामा रस्त्यातच उभे होते, बोट आमच्याकडं.

"एक. दोन. तीन."

बसवाला पुन्हा हॉर्न वाजवू लागला. मामांनी बोट वळवलं आणि छातीवर टेकवलं.

"आन् मी चार," ते म्हणाले. "चला."

आणि ते मेंढरांमागं निघाले.